जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं स्टिअरिंग पुन्हा पुन्हा ढिलं होतं: कारण कसं शोधायचं आणि सांधा पक्का कसा करायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. स्टिअरिंग शाफ्टवर डुगडुगतंय म्हणून नवी पिन ठोकली, काही आठवडे बरं चाललं आणि पुन्हा तेच. मग जरा जाड पिन, मग पिनेऐवजी बोल्ट, आणि शेवटी कुणीतरी वेल्डिंग सुचवतं. वेल्डिंग तेवढं करू नका. बहुतेक जुन्या गार्डन ट्रॅक्टरांत स्टिअरिंग काढल्याशिवाय शाफ्ट खाली सरकत नाही आणि शाफ्ट निघाला नाही तर वरचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी), डॅशबोर्ड, खालचा गिअर, कशालाच धड हात लावता येत नाही. आजचा एक टाका उद्याच्या सगळ्या कामांना आडवा येतो.

पिन वारंवार ढिली होते तेव्हा दोष क्वचितच पिनेचा असतो. हब (स्टिअरिंगचा मधला जाड भाग) आणि शाफ्ट यांच्यात, म्हणजे हबच्या आतल्या भोकात (बोअरमध्ये), फट पडलेली असते. रिमवर जोर आला की हब त्या फटीत तिरका होतो आणि पिन आपल्या भोकाच्या कडा थोड्या थोड्या चुरत जाते. नवी पिन बसवली तरी फट तशीच राहते, म्हणून चुरणंही चालूच राहतं. आधी बोअर, मग पिन: हा क्रम पाळला तर हे काम एकदाच करावं लागतं.

प्ले (मोकळी हालचाल) नक्की कुठे आहे?

स्टिअरिंगला हात लावण्याआधी याचा निकाल लावा. इंजिन बंद, पुढची चाकं जमिनीवर. हब आणि शाफ्ट यांच्या सांध्यावर मार्करने एक सरळ रेघ ओढा. शाफ्ट खाली नळीत लपलेला असेल तर वरची टोपी काढून शाफ्टचं टोक आणि हब यांच्यावर ओढा. एकाने रिम हलकेच डावी-उजवी हलवायची, दुसऱ्याने रेघेकडे बघायचं.

रेघ तुटून दोन्ही तुकडे मागेपुढे होत असतील, तर सांधा ढिला आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रेघ अखंड राहते आणि तरी रिम मोकळी फिरते, तर झीज खाली आहे. व्हील हॉर्स कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत शाफ्टच्या तळाशी छोटा पिनियन आणि पंख्याच्या आकाराचा गिअर असतो, तिथे दाते झिजतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९६१ पासूनच्या सुरुवातीच्या कब कॅडेटमध्ये रॉस पद्धतीची कॅम आणि लिव्हरची पेटी आहे. तिथे लिव्हरची पिन आणि कॅमची खाच झिजते. ती पेटी नेहमी चाकं सरळ असतानाच ॲडजस्ट करायची, कारण झीज मध्यावर सगळ्यात जास्त असते. ॲडजस्ट केल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे जड जातं का ते बघा. ड्रॅग लिंक (गिअरकडून चाकांकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन चाकांना जोडणारा दांडा) यांचे बॉल जॉइंटही त्याच वेळी तपासून घ्या.

तिसरी शक्यता: रिम फिरत नाही, पण अख्खा शाफ्ट बाजूला झुकतो किंवा वर-खाली होतो. हे वरच्या बुशचं काम. बुश झिजलेला ठेवून सांधा कितीही घट्ट केला तरी झुकणाऱ्या शाफ्टचे हिसके सांध्यालाच बसतात, तेव्हा बुश आधी बदला.

सांध्यातली लहानशी झीज रिमवर केवढी दिसते ते एका हिशोबाने कळेल. शाफ्ट सहा सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे १९.०५ मिमी व्यासाचा. रिम १४ इंची, म्हणजे त्रिज्या सुमारे १७८ मिमी. पिनेचं भोक फक्त ०.३ मिमीने लांबट झालं तर रिमवर साधारण साडेपाच मिमीचा प्ले जाणवतो. भोक डोळ्यांना ठीक दिसतं आणि स्टिअरिंग मात्र खुळखुळतं, ते यामुळेच.

सांधा ओळखा

मधली टोपी काढली आणि आत नट दिसला, तर दातेवाला शाफ्ट किंवा अर्धगोल की. नट नाही आणि हबच्या मानेत आरपार भोक आहे, तर स्प्रिंग पिन (पोकळ, उभी चीर असलेली पिन). व्हील हॉर्समध्ये हीच पद्धत फार दिसते. काही ठिकाणी चौकोनी की आणि वरून दाबणारा ग्रब स्क्रू असतो. रंगाच्या थराखाली पिनेचं टोक हमखास लपतं, म्हणून हबची मान आधी वायर ब्रशने साफ करा. पिन न दिसल्याने पुलर (हब खेचून काढायचं अवजार) लावून हब फोडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

काढताना काय बिघडतं

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कित्येक मॉडेलांत पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढेच, बॉनेटखाली असते. टाकी जागेवर असताना ज्योत वापरायचीच नाही. गरम करायचंच असेल तर टाकी उतरवून लांब ठेवा आणि हॉट एअर गन वापरा, तीही फक्त हबच्या धातूवर.

काढण्याआधी हब आणि शाफ्टवर पंचने एकेक खूण मारा. पिनेचं भोक कारखान्यातही दर वेळी अगदी मध्यातून गेलेलं नसतं. स्टिअरिंग १८० अंश उलटं बसवलं तर तीच भोकं जुळत नाहीत, आणि मग माणूस ती जबरदस्तीने रुंद करून बसतो.

गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी सोडा आणि सकाळी पुन्हा एकदा. ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं घरगुती मिश्रण गंजात छान शिरतं, पण प्लास्टिकची रिम आणि रंग दोन्ही खातं, तेव्हा ते थेंबाथेंबानेच.

दोन सुती (६.३५ मिमी) पिनेला ६ मिमीचा सरळ पिन पंच लागतो. निमुळता पंच पिनेच्या पोकळीत शिरून तिला आतून फुगवतो आणि पिन आणखी घट्ट बसते. ठोकताना हबच्या दुसऱ्या बाजूला जड लोखंडी ठोकळा किंवा दोन किलोची घण-हातोडी टेकवून कुणाला तरी धरायला सांगा. आधार नसेल तर प्रत्येक घाव शाफ्टच्या लवचिकपणात विरतो आणि पिन जागची हलत नाही. थोडी सरकून पिन अडली तर ती आत तुटलेली असू शकते: मधला तुकडा शाफ्टमध्ये आणि दोन टोकं हबमध्ये, एकमेकांशी न जुळणारी. अशा वेळी स्टिअरिंग अगदी किंचित डावी-उजवीकडे फिरवत ठोका. तुकडे एका रेषेत आले की झटकन निघतात. ड्रिल करायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, ही पिन स्प्रिंग स्टीलची आहे. साधं ड्रिल तिच्यावरून घसरून हबच्या मऊ लोखंडात शिरतं. कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग, भरपूर तेल.

पिन निघाली तरी हब गंजाने चिकटलेला असतो. इथे रिमला दोन्ही हातांनी हिसके देऊ नका. जुनं प्लास्टिक किंवा कडक रबर आऱ्यांच्या मुळाशी तडकतं. शाफ्टच्या टोकावर हातोडीही नको, कारण तो घाव सरळ खालच्या बेअरिंगला किंवा पिनियनला लागतो. योग्य अवजार म्हणजे हबखाली दोन बाजूंनी सरकवायची बेअरिंग स्प्लिटर प्लेट आणि वर पुलर. नटवाला शाफ्ट असेल तर नट पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेवा, म्हणजे आटे वाचतात. पुलरला ताण द्या, हबवर बाजूने दोन हलके टोले मारा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडा ताण. घाई झाली की हब तरी फुटतो, नाही तर पुलरचा पाय.

मोजा, मगच काही मागवा

व्हर्निअरने शाफ्ट तीन ठिकाणी मोजा: हबच्या वरच्या कडेपाशी, मध्ये आणि खाली. प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. हबचा बोअर दोन्ही तोंडांशी मोजा, कारण तो तुतारीसारखा तोंडाशी फाकलेला असतो आणि मध्ये बरा असतो. जुनी मापं इंचात आहेत, म्हणून हे आकडे जवळ ठेवा: चार सूत १२.७० मिमी, पाच सूत १५.८८, सहा सूत १९.०५, सात सूत २२.२३. पिनेत दोन सूत ६.३५ आणि अडीच सूत ७.९४.

इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ हे बिघाडाचं मोठं कारण आहे. ६ मिमीची स्प्रिंग पिन दोन सुती भोकात हवी तितकी घट्ट बसत नाही. ती 'छान बसली' असं वाटतं आणि लवकरच ढिली होते. ६ मिमीच्या बोल्टचं तर विचारूच नका. तो प्रत्यक्षात सहापेक्षाही थोडा बारीक असतो, आणि त्याचे आटे भोकाच्या कडेवर कानशीसारखे चालतात. नटचीही तीच गत. पाच सुती, इंचाला १८ आट्यांच्या शाफ्टवर १६ मिमी व्यासाचा, दीड मिमी पिचचा नट दोन-तीन आटे गोड चढतो आणि मग अडतो. पाना लांब घेऊन पुढे रेटलात तर शाफ्टचे आटे गेले. अडला की लगेच काढा.

पिनवाला सांधा कायमचा कसा करायचा

फट किती, यावर इलाज ठरतो.

बोअर आणि शाफ्ट यांतला फरक ०.१ मिमीपर्यंत असेल तर बोअरला काही करू नका, फक्त भोकाचं बघा. ०.१ ते ०.३ मिमी असेल तर स्टेनलेसची शिम (फट भरणारी पातळ पट्टी) लावता येते. हिशोब सोपा: बोअर १९.३०, शाफ्ट १९.०५, फरक ०.२५, तर शिम त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ०.१२, बाजारात मिळणारी ०.१० ची घ्या. पट्टीची रुंदी शाफ्टच्या परिघापेक्षा १ मिमी कमी, सुमारे ५९ मिमी, म्हणजे कडा एकमेकींवर चढणार नाहीत. पिनेच्या दोन भोकांच्या जागी शिममध्ये आधीच भोकं पाडून घ्या. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा अनेक जण वापरतात. तो ॲल्युमिनियमचा, मऊ असतो आणि थोड्याच दिवसांत चुरून बाहेर येतो. तपासणीपुरता चालेल, दुरुस्ती म्हणून नाही.

फट ०.३ मिमीच्या पुढे गेली की लेथकडेच जा. हबचा बोअर खरवडून सात सुती करायचा आणि आत स्टीलची स्लीव्ह बसवायची; सहा सुती शाफ्टसाठी स्लीव्हची जाडी १.५९ मिमी होते. आधी हबच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजा. बोअर वाढवल्यावर चारी बाजूंनी किमान ४ मिमी धातू उरायला हवा, नाही तर पिनेच्या भोकाशी मान चिरते. स्लीव्ह प्रेसने बसवताना आधार हबच्या मानेला द्या, आऱ्यांना नाही. आतला व्यास शेवटी रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या अवजाराने) शाफ्टच्या मापाला आणायचा. शाफ्ट झिजून १८.९५ झाला असेल तर स्लीव्ह १९.००ची करून घ्या, पुस्तकातल्या १९.०५ला धरून बसलात तर ०.१० मिमीची फट परत आली.

आता भोक. रिमवर २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोचा जोर लावला तर १४ इंची स्टिअरिंगवर शाफ्टला सुमारे ३५ न्यूटन-मीटर पीळ बसतो. सहा सुती शाफ्टच्या कडेवर पिनेच्या प्रत्येक टोकाला तो १,८७० न्यूटनच्या आसपास होतो. स्प्रिंग पिन हे सहज सोसते. हार मानतो तो भोकाभोवतीचा मऊ धातू. त्यामुळे 'मजबूत' पिन शोधत बसण्यात अर्थ नाही. भोक गोल आणि नेमक्या मापाचं हवं. दोन सुती पिनेला भोक ६.३५ ते ६.५० मिमीच्या दरम्यान लागतं. ६.४ मिमीचं ड्रिल त्यात बसतं.

भोक लांबट झालं असेल तर सगळे पहिल्यांदा अडीच सुतीकडे वळतात. सहा सुती शाफ्टवर ते चालतं. पाच सुती शाफ्टवर मात्र अर्धा व्यास भोकातच जातो आणि शाफ्ट तिथून पिळवटतो. त्यापेक्षा नवं भोक चांगलं: जुन्यापासून ९० अंशांवर आणि किमान १२ मिमी वर किंवा खाली, हबची मान पुरत असेल तर. पुढची चाकं सरळ, आरे हवे तसे, हब आपल्या उंचीवर, अशी सगळी जुळणी करून मगच हब आणि शाफ्ट एकत्र ड्रिल करा. आधी ३ मिमी, मग ५, शेवटी ६.४. शक्य असेल तर दोन्ही उतरवून व्ही ब्लॉकवर, ड्रिल स्टँडखाली. हातातल्या ड्रिलने १९ मिमी शाफ्ट सरळ भेदणं दिसतं तितकं सोपं नाही. पलीकडच्या बाजूला भोक दीड-दोन मिमी सरकलेलंच निघतं.

मान आखूड असेल आणि नव्या भोकाला जागा नसेल तर निमुळती पिन हा उत्तम पर्याय. जुनं लांबट भोक १:५० निमुळत्या रीमरने साफ करायचं. रीमर हळूहळू उतरवत दर वेळी पिन घालून बघा. हाताने दाबल्यावर पिन ३-४ मिमी वर राहिली की थांबा. उरलेलं अंतर हातोडीने भरून निघतं. या पिनेत प्ले उरतच नाही, आणि पुढे काढायची तर बारीक टोकावर एकच घाव पुरतो. कोणतं टोक बारीक, ते हबवर खूण करून ठेवा.

स्प्रिंग पिनेची लांबी हबच्या व्यासापेक्षा एखादा मिमी कमी ठेवा, दोन्ही टोकं किंचित आत राहतील अशी. गुंडाळीची, म्हणजे स्पायरल पिन मिळाली तर तीच घ्या. हिसक्यांत ती चिरवाल्या पिनेपेक्षा जास्त टिकते. बोअरला तांब्याचं अँटिसीझ (धातू चिकटू न देणारं ग्रीस) पातळ फासा, पुढच्या वेळी काढणारा दुवा देईल.

दातेवाला सांधा

इथे बहुतेकदा चुकतं ते बैठकीत. नट घट्ट, तरी स्टिअरिंग हलतं? नट काढा, स्टिअरिंग हाताने खाली दाबा आणि हबचा वरचा काठ बघा. शाफ्टवर जिथे दाते संपून आटे सुरू होतात ती पायरी हबच्या काठाच्या खाली, किमान १ मिमी आत असायला हवी. पायरी वर आली असेल तर नट हबला न दाबता शाफ्टच्या पायरीवरच टेकतो. तुम्ही नट आवळत राहता, हब मोकळाच. दात्यांवरून मोकळा जाईल अशा भोकाचा ३ मिमी जाड कडक वॉशर नटखाली घातला की काम झालं. उलट बाजूही तपासा: हब खाली कॉलमच्या बुशवर किंवा डॅशबोर्डवर आधीच टेकत असेल तर निमुळते दाते कधीच घट्ट बसणार नाहीत.

दाते निमुळते की सरळ, ते वर आणि खाली व्यास मोजून कळतं. निमुळत्या सांध्यात नट आवळून तासा-दोन तासांचं काम झाल्यावर पुन्हा एकदा आवळावा लागतो, कारण हब थोडा आणखी खाली बसतो. ही दुसरी आवळणी राहून गेल्यामुळे बरेच हब वाया जातात. सरळ दात्यांचा मऊ हब गुळगुळीत झाला तर त्याला इलाज नाही, दुसरं स्टिअरिंग बघा. स्टील पावडरवाला इपॉक्सी भरून दाते उठवण्याची युक्ती प्रचलित आहे, पण स्टिअरिंगच्या सांध्यात ती वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. इपॉक्सी सुटतो तेव्हा आधी सूचना देत नाही.

दुसरं स्टिअरिंग घेताना व्यासासोबत दाते मोजा, एका दात्यावर खूण करून, दोनदा. ३६ आणि ४० दात्यांचे हब बाहेरून सारखे दिसतात. चुकीचा हब हातोडीने चार मिमी आत जातोही, आणि तेवढ्यात दोघांचेही दाते सोलून निघतात.

अर्धगोल कीचं काम थोडक्यात. कीच्या नंबरातले शेवटचे दोन अंक म्हणजे व्यास, इंचाच्या आठव्या भागांत. आधीचे म्हणजे जाडी, बत्तिसाव्या भागांत. ६०६ म्हणजे दीड सुती जाड आणि सहा सुती व्यासाची. ५ मिमीची की ४.७६ मिमीच्या खाचेत जात नाही. कानस कीवर चालवा, खाचेवर नाही.

पाच सुती शाफ्ट, सहा सुती बोअर

बदलीच्या स्टिअरिंगमध्ये ही अडचण हमखास येते. सहा सुती बाहेरचा व्यास आणि १६ गेज (१.६५ मिमी) जाडीची स्टील नळी घेतली तर आतला व्यास १५.७५ मिमी मिळतो, शाफ्टपेक्षा जरासा कमी. पाच सुती रीमर फिरवला की नेमकी बसते. लांबी हबच्या बोअरइतकी पूर्ण ठेवा. अर्ध्या लांबीची नळी हबला तिरकं व्हायला मोकळीक देते. पिन हब, नळी आणि शाफ्ट या तिन्हींतून जायला हवी. ग्रब स्क्रूच्या भरवशावर नळी सोडू नका.

बसलं, पण आरे वाकडे

आधी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. गिअर मध्यावर आला. आता चाकं सरळ नसतील तर ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करा. सगळ्यात शेवटी स्टिअरिंग. ३६ दात्यांत एका दात्याने १० अंश सरकतं, ४० मध्ये ९. पिनवाल्यात ही सोय नाही, तिथे उरलेली चूक ड्रॅग लिंकवरच काढावी लागते. स्टिअरिंगवरूनच सगळं जुळवायला गेलात तर ट्रॅक्टर एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब वळतो.

बुश ठीक असूनही शाफ्ट वर-खाली होत असेल तर हब आणि बुश यांच्यात शाफ्टच्या मापाचे १ मिमीचे वॉशर घाला. रिम धरून वर ओढल्यावर अर्धा मिमी हालचाल उरली पाहिजे. त्याहून घट्ट केलंत तर स्टिअरिंग वळल्यावर आपोआप परत येत नाही आणि बुश तापून लवकर जातो. पहिली चाचणी सपाट जागी, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, गवत कापायचं डेक बंद ठेवून. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग मार्करची ती रेघ पुन्हा बघा. दहा तासांच्या कामानंतर आणखी एकदा.